सुमनच्या चार बाटल्या

९ नोव्हें. ८६, रवि. साखळी

माझ्या घरावर परचक्र आलं आहे. आरामखुर्ची गेली. आयुष्यभर पोरांच्या निबंधांतून 'माझी आई' आणि 'गाय' वाचून जे एकुलतं एक सिंहासन मिळवलं होतं, त्यावर काल मावसभाऊ अनंताने मुंबईहून आणलेली बाटल्यांची पेटी ठेवली. 'दोन दिवस राहू दे, शालूताई, काच आहे,' म्हणाला आणि पणजीला गेला. खाली ठेवावी तर मांजर, खाटेवर ठेवावी तर मी झोपू कुठे, टेबलावर सहामाहीचे पेपर. म्हणजे काचेला गादी आणि मला पाट. एका मराठी शिक्षिकेला तिच्याच घरात रिकाम्या बाटल्यांनी पदच्युत केलं, याची इतिहासाने नोंद घ्यावी. भरलेल्या असत्या तर एवढं लागलं नसतं. गोव्यात आहोत एवढं तरी पटलं असतं.

१२ नोव्हें.

अनंत आला. खुर्ची सुटली नाही.

आमच्या मावशीचा हा एकच मुलगा कामाचा निघाला. आधी मुंबईत लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर झिजला. मग परदेशात जाऊन शरीराची प्रतिकारशक्ती शिकून आला. आता मूत्रपिंडं. मी म्हटलं, रक्तापासून सुरुवात करून मुतापर्यंत आलास, माणसाची अशीच प्रगती होते. हसला नाही. शास्त्रज्ञांना हसण्याची ग्रंथी नसते.

त्याला हवं आहे आमचं कोरगावचं घर. 'भैऱ्यांचं घर'. थोरला भाई पंचविशीत बहिरा झाला, मग सुजला, मग गेला. दादाही त्याच वाटेने, फक्त मधे लग्न करून दोन मुलं ठेवून. आईचा भाऊ, आमचा मामा, तोही तसाच. गावाचं निदान तयार आहे: आमच्या कुणा पूर्वजाला देवचाराने, गावच्या राखणदाराने, हाक मारली आणि त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तेव्हापासून कान जातात.

अनंत म्हणतो, देवचार नाही, रक्त. त्याचा अंदाज असा: दोष बायकांतून वाहतो आणि पुरुषांना मारतो. आईकडून मुलाकडे किंवा मुलीकडे जाण्याची शक्यता निम्मी. आजारी बापाकडून मात्र मुलाकडे कधीच जात नाही, आणि प्रत्येक मुलीकडे जातो. बाई धडधाकट दिसते, पण तिच्या लघवीत रक्त असतं, डोळ्यांना न दिसण्याइतकं. त्यासाठी बाटल्या.

म्हणजे हिशेबाने दादाचा रघू सुटला आणि सुमन सापडली. आणि मी मधे लोंबकळते.

'आणि हे सिद्ध झालं तर?' मी विचारलं.

'तर जगात नोंद होईल.'

मी सुमनबद्दल विचारत होते.

१६ नोव्हें., रवि. कोरगाव

सकाळच्या बसने अनंताला घेऊन आले. कोरगावच्या घरी आता चार माणसं. दादाची बायको, म्हणजे वहिनी. तिची सुमन नि रघू. आणि वेंगुर्ल्याहून आमच्या घरात आलेली, ऐंशीकडे झुकलेली काकी.

उंबऱ्यातच वहिनीने विचारलं, मिसकुटाची बरणी कुठे? मे महिन्यात तिने आंब्याचं मिसकूट, आमच्याकडचं लोणचं, भरून दिलं होतं, ते संपवून मी बरणी साखळीलाच ठेवली आहे. 'वन्सं, बरणी रिकामी परत करूची नसता म्हणून तुमी ती परतच करणत नाय, व्हय मगो?' टोमणा बरा होता. मी असते तर एवढाच बरा मारला असता.

अनंताने चौकटी आणि वर्तुळं काढून सगळं समजावलं. पुरुष चौकट, बाई वर्तुळ, मेलेल्यावर काट. वहिनीने दादाची काट बघितली आणि उठून आत गेली. परत आली ती निर्णय घेऊन. रघूच्या अंगाला सुई लागणार नाही. 'त्याच्या बापाशीक शेवटाक इतक्यो सुयो मारल्यानी. काय झाला?'

अनंताने सांगितलं, रघूला भीतीच नाही, बापाकडून मुलाला येत नाही. यावर काकी नि वहिनी दोघी त्याच्याकडे अशा बघू लागल्या की मुंबईला हेच शिकवतात काय. मेले कोण? पुरुष. मग रोग कुणाचा? पुरुषांचा. आता घरात पुरुष उरला कोण? रघू. चेडवाचा, म्हणजे सुमनचा, संबंधच कुठे येतो?

शेवटी देवीला कौल लावायचं ठरलं. गुरवाने देवीच्या अंगावर डावी-उजवीकडे पाकळ्या चिकटवल्या. रक्त द्यावं का? डावी पडली, नको. लघवीबद्दल विचारायला गुरव तयार होईना. देवीला असलं विचारत नाहीत म्हणाला. मग प्रश्न सभ्य करून टाकला: डॉक्टराचं ऐकावं का? बराच वेळ काहीच पडेना. अनंत घड्याळ बघत होता. मग उजवी पडली.

देवी सुशिक्षित आहे. सुई टाळली, बाटली मान्य केली.

बायकांना त्याने बजावून सांगितलं, पाळी असेल तर थांबा. काकी म्हणाली, माझी थांबून तुझ्या वयाइतकी वर्षं झाली.

सुमनचं सर्वणला जमतंय. मुलगा मिनावर, म्हणजे खाणीवर, कारकून आहे, घरची शेती. मुलगी बघून गेले, पसंत म्हणून निरोप आहे. सुमन आज दिवसभर काहीतरी गुणगुणत होती. घराला ती सवय नाही.

१७ नोव्हें.

लिहून ठेवते, नाहीतर माझाच विश्वास बसणार नाही.

पहाटे न्हाणीकडे गेले तर सुमन बाहेर येत होती, हातात तबक, तबकात चार भरलेल्या बाटल्या. सत्यनारायणाचं तीर्थ आणावं तशी. चिठ्ठ्या लावलेल्या: वहिनी, काकी, रघू आणि ती स्वतः. मागे वहिनी उभी.

'वन्सं, गप रवा. आमचा चेडू खडखडीत. जल्मात ताप नाय. चौघांच्यो भरल्यान तर काय सांडता?'

काल रात्री तिला तांब्याने पेज पाजली होती म्हणे. त्याशिवाय एवढं येणार कुठून?

काकीचं कारण वेगळं. 'अनंताचां ढुंगण मियां धुतलंय. आता तो माझां मूत बगतलो? जग उलटां झाला.'

सुमन मला म्हणाली, 'आत्ये, तुझी पण भरू? पेज अजून आसा पोटात.'

मी नको म्हटलं. प्रामाणिकपणाने नव्हे. माझ्या नावावर दुसऱ्याचं लेखन मी खपवून घेत नाही.

अनंताने पाचही बाटल्या बर्फाच्या डब्यात ठेवल्या आणि सगळ्यांचे आभार मानले. फार सहकार्य करणारं कुटुंब आहे, म्हणाला. मी परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून पेडणं येईपर्यंत हसत होते.

४ डिसें., गुरु. साखळी

अनंत पणजीहून थेट शाळेत आला. शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने बोलू लागला, त्याला बाहेर काढून चिंचेखाली नेलं.

चारही बाटल्यांत रक्त. वाकड्यातिकड्या पेशी, मूत्रपिंडातूनच आलेल्या. रघूच्या, वहिनीच्या, काकीच्यासुद्धा. स्वच्छ एकच, माझी.

'ताई, काकी वेंगुर्ल्याची, वहिनी सावंतवाडीची. लग्न करून आलेल्या बायका. त्यांच्यात कसं येईल? म्हणजे हे रक्तातून येत नाही. घरातून येतं. पाण्यातून. किंवा मातीतून. माझा मूळचा अंदाज साफ चुकला.' चेहरा असा की नव्याने प्रेमात पडलाय. 'आणि चौघांचं साम्य इतकं, की अख्ख्या घराची लघवी अशी एकजीव मी कुठे पाहिली नाही.'

एकत्र कुटुंबपद्धतीचं याहून मोठं कौतुक कुणी केलं नसेल. मला हसू आवरेना. त्याला वाटलं, स्वच्छ निघाले म्हणून हसतेय. खांद्यावर हात ठेवून म्हणाला, तू एकटी सुटलीस.

मग हसू थांबलं. चार बाटल्या, बाई एक.

माझं म्हणायचं तर, माझी बाटली इतक्या वर्षांनी स्वच्छ निघाली. मला बघायला आले होते तेव्हा मुलाच्या बापाने दादाला विचारलं, आपलं मूळ गाव कुठलं. दादाचे कान तेव्हा गेलेले, त्याला भलतंच ऐकू आलं. म्हणाला, दोन तरी लागतील. ते उठले. पुढे कुणी आलंच नाही. भैऱ्यांच्या घरातली मुलगी म्हणून उरले, ती मी स्वच्छ. आणि खडखडीत म्हणून जिला पेज पाजली ती

घंटा झाली. सातवी ब.

अनंताला सांगितलं नाही. सांगीन.

२१ डिसें., रवि.

बस नाही. रस्त्यात झाडं आडवी पाडली आहेत. राजभाषा कोंकणी की मराठी, यावरून. खाली किनाऱ्याकडे माणसं मेली असं लोक सांगतात, नक्की कुणाला ठाऊक नाही. ज्या दोन भाषांत मी रोज भांडते त्यांच्यासाठी कुणी मरावं, हे माझ्या कुठल्याच भाषेत बसत नाही.

अनंत माझ्याकडे अडकलाय. खुर्चीतली पेटी खाली उतरवली आणि स्वतः बसला. मी पाटावरच. पाण्याच्या सिद्धांतावर लिहितोय, इंग्रजीत, परदेशी धाडायला. जेवताना प्रतिकारशक्ती समजावत होता. शरीराचे पहारेकरी कधीकधी आपल्याच पेशींना परकं समजतात आणि मारत सुटतात. मी विचारलं, घोषणा कुठल्या भाषेत देतात?

त्याला सांगायला आज सबंध दिवस होता. आमटी वाढली, भात वाढला. त्याला सांगितलं की तो सुमनचं वर्तुळ काळं करणार, दोष असलेली म्हणून. काळ्या वर्तुळाला सर्वणहून कोण न्यायला येईल? न सांगितलं तर वर्तुळ पांढरं राहील, लग्न होईल, मुलगे होतील. मग त्यांची पंचविशी येईल.

मधे सोसायटीच्या फोनवर संपादकांचं बोलावणं. रविवारचं माझं सदर, 'काटेकणगी', हवंच, पण भाषेवर नको. काचा फुटतात. 'बाई, काहीतरी निरुपद्रवी द्या. कुणाला लागणार नाही असं.'

माझ्याजवळ निरुपद्रवी असं एकच आहे.

२८ डिसें., रवि.

छापून आलं. गावाचं नाव नाही, माणसांची नावं नाहीत. एका घरात शास्त्रज्ञ येतो, घरातली सगळ्यात धट्टीकट्टी व्यक्ती सगळ्यांच्या बाटल्या भरते, आणि अख्खं घर आजारी निघतं. शेवटचं वाक्य बरं उतरलं आहे: 'एका बाटलीवर एवढा विश्वास टाकणारं घर मी याआधी फक्त पिणाऱ्यांचं पाहिलं होतं.'

वाण्याच्या दुकानात मोठ्याने वाचलं गेलं. पदेर पाव देताना हसत होता. मुख्याध्यापकसुद्धा हसले. हा माणूस पगाराच्या दिवशीही हसत नाही.

बऱ्याच दिवसांनी चांगलं लिहिलं.

३ जाने. ८७, शनि.

अनंताने लेख पणजीत चहा पिताना वाचला. दारातूनच हात जोडले.

वाटलं, आता बोलेल. दोन महिने फुकट गेले, परदेशी धाडायचा कागद फाडावा लागला. तर उलटंच. 'म्हणजे माझं मूळचंच बरोबर होतं! शालूताई, तुझ्या लेखाने मला वाचवलं. चुकीचं छापून गेलं असतं.' लहान पोरासारखा टाळ्या वाजवत होता. आजवर माझ्या लिहिण्याने कुणाचं एवढं भलं झालेलं नाही.

परवाच कोरगावला जाऊन आला म्हणे. या खेपेला स्वतः न्हाणीबाहेर उभा राहिला, एकेकाला आत धाडलं. कौल वगैरे विचारला नाही. रघू स्वच्छ. वहिनी स्वच्छ. काकीला साखर निघाली, ती आता गूळ लपवून खाते. सुमनमध्ये रक्त. त्याने मागायच्या आधीच तिने सुईसाठी हात पुढे केला.

त्याने तिला सगळं समजावलं. तू बहुधा बरी राहशील. मुलगा झाला तर नाणं उडवल्यासारखं. तिने एकच विचारलं, मुलगी झाली तर? तो म्हणाला, तेही नाणंच. आली तर तुझ्यासारखी.

'फार समजूतदार मुलगी,' तो म्हणाला. 'आणि फार महत्त्वाची केस.'

'लेख कुणी दाखवला तिला?'

'तिच्याजवळ होताच की. कापून ठेवलाय.'

८ फेब्रु., रवि.

विधेयक झालं. कोंकणी राजभाषा, मराठी तिच्या शेजारी, ताट वेगळं. दोन्ही बाजूंना आपण हरलो असं वाटतंय, म्हणजे निवाडा बरा असावा.

सर्वणहून काही नाही. होकार नाही, नकार नाही. पौषात बोलू म्हणाले, पौष गेला. माघात बोलू म्हणाले.

रघू शाळेत येऊन निरोप देऊन गेला. आत आला नाही, पाणी घेतलं नाही. आईने बरणी मागितली आहे.

'आणि सांगितल्यान हा, भरून नको. रिकामीच धाडा.'

आमच्याकडे भांडं रिकामं मागणं म्हणजे काय, ते लिहायची गरज नाही. मी बरणी घासली, उन्हात ठेवली, आणि धाडली नाही.

१९ एप्रिल, रवि.

म्हापशाच्या बाजारात वहिनी दिसली, काजूबिया विकायला आलेली. तिने माझ्याकडे असं बघितलं की मागे उभी असलेली केळीवाली माझ्यातून दिसत असावी.

सुमन काजूच्या बागेत जाते, बोंडू गोळा करते, बोलत नाही, असं दुसऱ्यांकडून कळलं. गुणगुणत नाही असं कुणी सांगितलं नाही. ते माझं मीच घातलं.

अनंताचं पत्र. दिल्लीच्या परिषदेत निबंध वाचला, कौतुक झालं. निबंधात आमचं नाव नाही, 'कुटुंब क' आहे. आभाराच्या यादीत मी आहे.

वाचक अजून ओळखतात. परवा बसमध्ये एकजण म्हणाला, तुम्हीच ना त्या बाटलीवाल्या बाई?

३० मे, शनि.

गोवा राज्य झालं. साखळीत फटाके, शाळेत जिलबी, आणि दुपारी माझ्याकडे सर्वणचा पाहुणा. मुलाचा बाप. पायरीवर चप्पल नीट जोडीने काढून ठेवली, टोपी मांडीवर घेतली. सज्जन माणूस. दुर्जन असता तर मला सोपं गेलं असतं.

खुर्ची दिली. तो बसला नाही, पाटावर बसला. मग मीही खाली बसले. आमच्या दोघांमध्ये रिकामी खुर्ची.

'बाये, तुमचो लेख वाचलो. पोट धरून हांसलों. मागीर म्हातारेन विचारलें, ती बाटली कोणाची?'

जिलबीचं ताट मी त्याच्यापुढे सरकवलं.

त्यांना मुलगी पसंत आहे. मुलगा तर हटून बसलाय, दुसरी बघतच नाही. इतके महिने तेच चाललंय घरात. आता घरची म्हातारी एका अटीवर उतरली आहे. सोमवारी सुमनने डिचोलीच्या दवाखान्यात बाटली द्यायची. नात्यातल्या डॉक्टरचा कागद नको, सरकारी हवा. स्वच्छ निघाली तर कार्तिकात लग्न. जाताना म्हणाला, 'आमचेर रागार जावं नाकात. तुमींच बरयलें म्हूण विचारचें पडलें.'

तुम्हीच लिहिलंत म्हणून.

जिलबी तशीच राहिली. मुंग्या.

३१ मे, रवि.

दुपारच्या बसने सुमन आली. कोरगावहून डिचोलीला पहाटे पोचता येत नाही, म्हणून रात्रीपुरती माझ्याकडे. आईला सांगून आली का? हो. आई काय म्हणाली? काही नाही.

बारीक झालीये. आल्या आल्या पदर खोचून स्वयंपाकघरात शिरली, माझ्या डब्यांना नावं ठेवली, तांदूळ निवडायला घेतले. मी समोर बसले. शिक्षिका असण्याचा एक तोटा, गप्प बसणाऱ्या माणसापुढे आपण बोलत सुटतो. मी म्हटलं, तुझ्याबद्दल लिहिलं नव्हतं. लिहिलं ते माणसांच्या भाबडेपणावर. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, चांगला होता लेख. त्या शेवटाला तर आईला पण हसू आलं होतं, अनंतकाका येऊन सांगेपर्यंत.

तिने सुपातले तांदूळ पाखडले.

'आत्ये, चौघांच्यो मियां भरलंय. आता माझी एक तू भर.'

मला कळलं होतं. ती पायरीवर दिसली तेव्हाच. तरी मी अनंताचं सगळं बोलून दाखवलं. नाणं. मुलगे. थोरल्या भाईचे शेवटचे महिने, तिने पाहिले नव्हते ते. दादाचे पाहिले होते, ते सांगावे लागले नाहीत. म्हटलं, त्या मुलाला निदान सांग तरी. त्याला सांगून बघ.

'सांगलंय,' ती म्हणाली. सर्वणच्या मुलाला तिने होळीच्या सुमारास पेडण्याच्या बसस्टँडवर गाठून सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला होता, मला चालेल, फक्त म्हातारीला कळता नये.

आता माझ्याजवळ काय उरलं? तरी मी बोललेच. सत्य वगैरे. खोटा कागद, सरकारी शिक्का, पुढच्या पिढ्या. माझा आवाज मला वर्गातला वाटला.

तिने सूप खाली ठेवलं. रागाने नाही, अगदी खरंच विचारल्यासारखं.

'तुझी स्वच्छ आसा न्हय, आत्ये? मगे तुका काय गावला?'

वीस वर्षं लोकांना टोचतेय. एकाही वाचकाला इतकं नेमकं टोचता आलं नाही.

रात्री तिने पेज केली. माझ्यापुढे वाडगा भरून ठेवला. तो संपला तेव्हा न विचारता पुन्हा भरला. मी नाही म्हटलं नाही. हो पण म्हटलं नाही. प्यायले.

१ जून, सोम.

अनंताच्या पेटीतल्या उरलेल्या बाटल्यांतली एक भरून न्हाणीच्या कट्ट्यावर ठेवली. चिठ्ठी लावली नाही. नाव लिहायला पेन हातात घेतलं होतं.

माझ्यानंतर सुमन गेली. थोड्या वेळाने मी चुलीचं पाणी घ्यायला गेले तर कट्ट्यावर दोन बाटल्या, शेजारी शेजारी. कुणीतरी हलवल्या होत्या. दिसायला दोन्ही सारख्या. अनंत सूक्ष्मदर्शक घेऊन उभा असता तर गोष्ट वेगळी.

परत आले तेव्हा सुमन एक बाटली विसळून कट्ट्यावर पालथी घालत होती. दुसरी तिने रुमालात गुंडाळली होती. कुठली ओतलीस? विचारलं नाही. तिने माझ्याकडे बघितलं, विचारेन की काय म्हणून. मी तिला आंघोळीचं पाणी काढून दिलं.

मग कपाटावरून वहिनीची बरणी काढली. उकड्या तांदळांनी गळ्यापर्यंत भरली, कापड लावून दोरी बांधली. सुमन म्हणाली, आईने रिकामी सांगितली होती. म्हटलं, ऐकलंय मी.

डिचोलीची बस वेळेवर होती, हल्ली असते. सुमन खिडकीत बसली, बरणी मांडीवर, दोन्ही हातांनी धरून. रुमाल कुठे ठेवला होता, बाहेरून दिसला नाही.